दगडाला पाणी पाजायला दोन ड्रम लागतात

आमचा धंदा ट्रॅक्टर कॉम्प्रेसरचा. एक ट्रॅक्टर, मागं कॉम्प्रेसर, दोन जॅकहॅमर, सळया आणि चार माणसं. उन्हाळ्यात विहिरी, बाकीच्या दिवसांत खदानीवर दगडात सुरुंगासाठी होल मारून द्यायचे, हिशोब फुटावर. अहमदपूर, कंधार, मुखेड, देगलूर ह्या लातूर-नांदेडच्या पट्ट्यात आमचं मशीन वाजत असतं. वडलांनी सुरू केलं, मी बारावी झाल्यावर ह्यातच शिरलो, आणि पहिली दहा-बारा वर्षं मी स्वतः कोरडं, म्हणजे पाण्याशिवाय होल मारलं आणि माझ्या माणसांकडूनही कोरडंच मारून घेतलं. ते कसं बदललं, कुठं चुकलो, काय जमलं, ते सगळं लिहितोय, कारण ह्या धंद्यातली पोरं आता मोबाईलवर वाचतात आणि मला हे वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सळईला मधून आरपार बारीक भोक असतं. मशीन सळईला ठोकतं आणि फिरवतं आणि त्या भोकातून हवा खाली जाऊन दगडाचा भुसा वर फेकते. काळ्या दगडात ५ फुटाचं होल मारायला सहा ते आठ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तो पांढरा फवारा ऑपरेटरच्या तोंडासमोरच असतो. खदानीवर निदान वारा तरी असतो, विहिरीत ४० फूट खाली कसला वारा, दोन्ही मशीन चालू झाली की वरून बघणाऱ्याला माणसं दिसतच नाहीत, नुसता ढग दिसतो आणि आवाज येतो. संध्याकाळी यारीच्या पाळण्यात बसून वर आले की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. आम्ही तोंडाला रुमाल बांधायचो आणि गूळ खायचो. गूळ खाल्ला की धूळ घशातून खाली उतरते असं सगळेच मानायचे.

माझे चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, त्यांनी वीस-बावीस वर्षं मशीन धरलं. रोज गूळ खायचे. पन्नाशीच्या आतच त्यांना खोकला लागला, मग धाप, मग असं झालं की घरापासून पारापर्यंत जायचं तर मधी दोनदा बसावं लागायचं. टीबी म्हणून सहा महिन्यांचा कोर्स झाला, फरक नाही, परत दुसऱ्यांदा कोर्स झाला. बेडका तपासला की निगेटिव्ह यायचा आणि एक्सरे बघितला की डाग दिसायचे, म्हणून परत गोळ्या. २०१७ च्या दिवाळीनंतर मी त्यांना एका मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. त्यांनी एक्सरे उजेडावर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, काम काय करता?" तोपर्यंत तीन-चार दवाखाने झाले होते, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आम्हीही आपणहून सांगितलं नव्हतं, कारण कामाचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

सिलिकोसिस, दगडातल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. डॉक्टरांनी कागदावर फुप्फुस काढून समजावलं. जी धूळ डोळ्याला दिसते ती नाकात, घशात अडकते, थुंकीतून शेंबडातून निघून जाते. खरी घातक ती जी दिसत नाही, ५ मायक्रॉनच्या आतली, आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा बारीक. ती पार फुप्फुसाच्या टोकाला जाऊन बसते. तिथल्या पेशी तिला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, तो कण परत मोकळा होतो, दुसरी पेशी येते, तीही मरते, आणि ह्या झटापटीत फुप्फुसाला व्रण पडत जातात, कडक होत जातं. ते व्रण घालवणारं औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढं सरकत राहू शकतो. आणि असं फुप्फुस झालेल्या माणसाला टीबी सुद्धा लवकर पकडतो, त्यामुळं दोन्हीची गल्लत होते. गुळाचं विचारलं तर म्हणाले, गूळ पोटात जातो हो, फुप्फुसात नाही जात.

परत येताना आबा एसटीत खिडकीला बसले होते. मला म्हणाले, "पोरांला सांग." एवढंच. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

मी सांगितलं पोरांला. पण सांगून काय होतं, मशीन तर तेच होतं. मग मी वाचायला लागलो, मोबाईलवर जे मिळेल ते. एक गोष्ट वाचून सुन्न झालो, हवेवर चालणारी पहिली पहिली ड्रिल मशीनं जेव्हा अमेरिकेतल्या खाणीत आली तेव्हा तिथल्या कामगारांनी त्यांना जे नाव पाडलं होतं त्याचा अर्थ होतो विधवा करणारी. आणि सळईच्या भोकातून पाणी सोडायची युक्ती तिथं सव्वाशे वर्षांपूर्वीच निघाली होती. सव्वाशे वर्षं! आणि आम्ही गूळ खात होतो.

आपल्याकडं कायदा नव्हता असंही नाही. धातूच्या आणि दगडाच्या खाणींसाठीच्या १९६१ च्या नियमावलीत १२४ नंबरचा नियम धुळीवरच होता. खदान उथळ असली तरी सुरुंग लावला की ती १९५२ च्या खाण कायद्याच्या पूर्ण कक्षेत यायची, आणि तिथल्या कामगाराची भरतीच्या वेळी आणि नंतर दर ५ वर्षांच्या आत छातीच्या एक्सरेसकट तपासणी करायची असं होतं. माझ्या माणसांपैकी एकाचीही कधी झाली नव्हती. आणि विहीर तर खाणच नाही, तिथं ह्यातलं काहीच लागू होत नव्हतं, दगड तोच, धूळ तीच, वरून जागा बंदिस्त.

दगडाचंही समजून घेतलं. आपला मराठवाड्याचा काळा दगड, बेसाल्ट, त्यात मोकळा क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचा स्फटिक, जवळजवळ नसतो, म्हणून बरेच जण म्हणतात काळ्याला काय होत नाही. पण आपल्या दगडात पोकळ्या असतात आणि त्यात गारगोटी बसलेली असते, आणि गारगोटी म्हणजे शुद्ध सिलिका. मशीन धरणाऱ्याला ते हाताला कळतं, सळई एकदम किरकिरते आणि खाली सरकत नाही. तेवढा पट्टा जाईपर्यंत जो भुसा येतो तो पांढराशुभ्र असतो. आणि मुखेड-देगलूरकडं गेलं की काळा दगड संपून ग्रॅनाइट लागतो, त्याच्यात साधारण चौथा हिस्सा क्वार्ट्झच. आबांनी जास्त वर्षं त्याच बाजूला काम केलेलं. अमेरिकेत २०१६ साली अशा सिलिकाच्या धुळीची मर्यादा ठरवली ती एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिठाच्या बारीक कणाएवढं वजन. आमच्या विहिरीत तर पाटीनं भरावी एवढी धूळ.

पहिला प्रयोग आमचा गोणपाटाचा. ओलं गोणपाट होलच्या तोंडाशी सळईभोवती गुंडाळायचं. दोन होलांत ते वाळायचं, सळईत गुंतायचं, एकदा तर फिरत्या सळईनं ओढून घेतलं आणि पोराचा हात थोडक्यात वाचला. ते त्याच दिवशी बंद केलं. मग दुसरं, एकानं मशीन धरायचं आणि दुसऱ्यानं बाजूनं डब्यानं पाणी ओतत राहायचं. दिसायला धूळ कमी झाली, मला वाटलं जमलं. पण एक दिवस कंधारकडच्या एका विहिरीत मी खाली होतो, दुपारी बाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर आला आणि उन्हाची तिरीप सरळ तळापर्यंत उतरली. मशीन बंद करून आम्ही पाणी पीत बसलो होतो, पंधरा मिनिटं तरी झाली असतील. बाजूच्या सावलीत हवा एकदम साफ दिसत होती, आणि त्या तिरपीत बघतो तर काय, कण नुसते तरंगत होते, खाली बसायचं नावच नाही, कुणी हात हलवला की सगळे मिळून वळायचे. तोच श्वास आम्ही घेत होतो. तेव्हा डोक्यात बसलं की वरून पाणी ओतून फक्त जाडी धूळ बसते, बारीक धूळ एकदा हवेत सुटली की सुटली, ती जिथं तयार होते तिथंच, म्हणजे सळईच्या टोकालाच भिजवली पाहिजे.

त्यासाठी पाण्याचं जॅकहॅमर लागतं. त्याच्या मागच्या हेडला पाण्याचा वेगळा पाइप लागतो आणि आत एक बारीक नळी पिस्टनच्या मधून थेट सळईच्या भोकापर्यंत जाते, आमच्याकडं तिला सुई म्हणतात. आमच्या एका मशीनला तसं हेड बसत होतं, ते बसवून आणलं. पाण्याला दाब हवा म्हणून वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची टाकी करून घेतली, तिला सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि कॉम्प्रेसरचीच हवा रेग्युलेटरमधून तिच्यात सोडली.

पण खरी अडचण लोखंडाची नव्हती, पाण्याची होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते आम्ही डोळ्यानं बघितलंय. घागरीसाठी भांडणं झालेली माणसं आहेत आमची. अशा मुलखात मी म्हणायलो की दगडात पाणी सोडायचं. एका विहिरीच्या मालकानं मला तोंडावर सुनावलं, "आम्ही पाणी लागावं म्हणून हिर खांदायलाव, आन तू दगडाला पाणी पाजायलास?" खदानवाले म्हणायचे, टँकरचे पैसे कोण देणार. मी सुद्धा गप्प बसायचो, कारण मलाच वाटायचं की लई पाणी लागत असेल.

मग एक दिवस मोजलं. ड्रमवर खुणा केल्या आणि दिवसभर हिशोब ठेवला. चांगलं होल यायला मिनिटाला दोन लिटरच्या आत पाणी पुरतं. एका होलाला सात मिनिटं धरली तर १४ लिटर. दिवसाची ३० होलं, म्हणजे ४२० लिटर. २०० लिटरचे दोन ड्रम आणि वर थोडं. ५,००० लिटरचा एक टँकर ११-१२ दिवस जातो. दोन ड्रम! ह्या दोन ड्रमांसाठी आबांसारखी किती माणसं गेली असतील ह्याचा विचार केला की आजही माझं जेवण गोड लागत नाही. आणि विहिरीत तर अर्ध्याअधिक वेळा खाली पाझर लागलेलाच असतो, तेच पाणी कापडातून गाळून टाकीत भरता येतं, फक्त गाळणं कडक पाहिजे, नाहीतर सुई तुंबते. तेव्हापासून मी कुणाशी वाद घालत नाही, ड्रम दाखवतो. त्या विहिरीच्या मालकालाही दाखवला. ते बराच वेळ ड्रमाकडं बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "एवढंच व्हय?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच बैलगाडीवर दोन ड्रम आणून ठेवले.

चुका मात्र भरपूर झाल्या. सगळ्यात महागाची पहिली. मला वाटलं पाण्याला जेवढा जास्त दाब तेवढं चांगलं, टाकी पूर्ण दाबावर ठेवली. तिसऱ्या दिवशी मशीनचा आवाज बदलला आणि दुपारपर्यंत पिस्टन जाम झाला. मेकॅनिकनं उघडलं तर आत ऑइलचा पत्ता नाही, सगळं धुऊन गेलेलं. पाण्याचा दाब हवेच्या दाबापेक्षा नेहमी कमी पाहिजे, निदान १० पीएसआयनं (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) तरी, नाहीतर पाणी मागं सिलिंडरमध्ये घुसतं. मशीनवर हवा ८० असेल तर पाणी ७० च्या खाली. आता रेग्युलेटरवर लाल रंगाची खूण मारलीय आणि ती कुणी हलवायची नाही.

दुसरी चूक आमच्या पोरांची, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. होलचं तोंड पाडताना पाणी चालू असलं की चिखल तोंडावर उडतो, म्हणून ती आधी कोरडंच अर्धा फूट मारायची आणि मग पाणी सोडायची. दिवसाची ३० होलं आणि प्रत्येकाचं पहिलं अर्धा फूट कोरडं, म्हणजे १५ फूट कोरडं झालंच की. शिवाय तोंड पाडतानाच माणूस सगळ्यात खाली वाकलेला असतो. मी परत त्यांना दुपारच्या तिरपीत बसवून दाखवलं तेव्हा पटलं. आता नियम एकच, आधी पाणी मग हवा, बंद करताना आधी हवा मग पाणी. तोंड पाडताना हवा अर्धीच उघडायची, चिखल कमी उडतो, आणि डोळ्याला चष्मा.

होल फुंकायचं कामही तसंच. होल झालं की आतला भुसा काढायला पाइप घालून हवा मारतात, त्या दहा सेकंदांत जेवढी धूळ येते तेवढी अख्ख्या होलात येत नाही. ओल्या होलात भुशाचा रबडा झालेला असतो, तो आम्ही पाण्यानंच धुऊन काढतो, आणि हवा मारायची वेळ आलीच तर बाकीचे सगळे बाजूला झाल्याशिवाय नाही. सुरुंगवाले आधी कुरकुरले की ओल्या होलात माल, म्हणजे स्फोटक, फुटणार नाही. खताच्या गोळ्या आणि डिझेलचं मिश्रण पाणी सोसत नाही हे खरं आहे, पण इमल्शन नावाच्या स्फोटकाच्या कांड्या पाण्यात चालतात आणि आमच्याकडं बहुतेक तेच वापरतात, त्यामुळं तो विषय दोन दिवसांत मिटला.

जो विषय मिटायला वेळ लागला तो मजुरीचा. हिशोब फुटावर, आणि सुरुवातीला हात बसेपर्यंत ओलं काम सावकाश होतं. दिवसाला पाच-सहा होलं कमी पडायची. म्हणजे छाती वाचवायची किंमत मशीन धरणाऱ्यानं स्वतःच्या खिशातून द्यायची, हे मला पटेना. पहिले तीन आठवडे मी फुटाचा हिशोब बंद करून रोजानं पैसे दिले. हात बसल्यावर वेग जवळपास तेवढाच आला, काही दगडात तर जास्त, कारण भुसा अडकून सळई फसायचं प्रमाण कमी झालं. जे मालक माणसाला फुटावर ठेवून वर पाणी लावायला सांगतात त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की तो माणूस पाणी बंद करणारच, त्याच्या घरी लेकरं आहेत.

थंडीत त्रास आहे हे मान्य करतो. डिसेंबरात सकाळी सातला देगलूरच्या खदानीवर ओल्या अंगानं मशीन धरणं सोपं नाही, पायाची बोटं सडतात. गमबूट आणि प्लास्टिकचा एप्रन घेतला, आणि थंडीत मशीन नऊनंतरच चालू करतो. चिखलानं पाय घसरतो म्हणून कड्याच्या टोकाशी आधी जागा कोरडी करायची, तिथं मुरूम टाकायचा.

मास्क पण ठेवलेत, एन-९५. पण ४३ डिग्रीत विहिरीच्या तळाला मास्क लावून सहा तास काम करून दाखवा मग बोला. दाढी असली की बाजूनं हवा शिरते. मास्क हा पाण्याच्या नंतरचा, पाण्याच्या ऐवजी नाही. आणि रुमाल तर बांधला काय न बांधला काय, बारीक धुळीला तो दिसतच नाही.

मोठ्या खदानीवर आता क्रॉलर, म्हणजे पट्ट्यांवर चालणारी होल मारायची मोठी मशीनं आलीत, साडेचार इंची होल, त्याला धूळ ओढणारा कलेक्टर कंपनीकडूनच येतो. अशा एका खदानीवर मी गेलो होतो तर कलेक्टर चालू होता आणि तरीही सगळा ढग बाहेर. बघितलं तर होलच्या तोंडाभोवतीचा रबरी पडदा फाटून वीतभर वर लोंबत होता, मग ओढणार काय तो. पडदा जमिनीला टेकला पाहिजे. दुसरं म्हणजे कलेक्टरनं गोळा केलेली पूड खालच्या तोंडातून चार फुटावरून जमिनीवर पडत होती आणि परत वाऱ्यावर उडत होती. त्या तोंडाला खालपर्यंत जाड कापडाची बाही बांधली तरी फरक पडतो. ऑपरेटर चांगला होता, त्यानं माझ्यासमोरच जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कापून पडदा लावला. अर्ध्या तासाचं काम.

२०१९ मध्ये मी माझ्या चारही माणसांचे एक्सरे काढून घेतले, आणि डॉक्टरांना आधीच सांगितलं की हे दगडात होल मारतात. तिघांचे साफ निघाले. चौथे आमचे मामा, वयानं सगळ्यात मोठे, त्यांच्या वरच्या भागात बारीक बारीक ठिपके दिसले. ते मामा मला मशीन धरायला शिकवणारे. चिठ्ठी हातात घेऊन ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजे आबासारखंच का?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवसापासून त्यांचं मशीन बंद केलं. आता ते वर कॉम्प्रेसर आणि पाण्याची टाकी सांभाळतात, मजुरी तेवढीच. दर वर्षी त्यांचा एक्सरे होतो. अजून चालतात फिरतात, पण चढ आला की थांबतात, आणि मी बघत नाही असं दाखवतो.

टाकीजवळ मामा असले की खाली पाण्याशिवाय हवाच जात नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं काम कमी होतं म्हणून आमचा धाकटा पोरगा दुसऱ्याच्या मशीनवर गेला होता. दुपारी एकलाच परत आला. विचारलं का रे, तर म्हणाला, "तिथं टाकीच न्हाई दादा. मी त्यांला म्हणलं दोन ड्रम आणा, मी येतो." चार दिवसांनी त्या मालकाचा मला फोन आला, टाकी कुठल्या वेल्डिंगवाल्याकडं करून घेतली आणि किती खर्च आला विचारत होते. मी मापं लिहून पाठवली, सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका म्हणलं, आणि मामांना त्यांच्याकडं एक दिवस पाठवलं, दाब कुठं ठेवायचा ते दाखवायला.